स्वस्त कालवण महाग कोणी केले?

(मंडणगड येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महागाईवरील भाषणात निर्देशांक येतो, साठेबाज येतो, केंद्र सरकारचे आयात-निर्यात धोरण येते. मात्र मटणाच्या दुकानासमोर पाव किलो घ्यावे की अर्धा किलो, की सरळ पुढे जाऊन अंडीच घ्यावीत, या विचारात उभी राहिलेली बाई त्या भाषणात सहसा येत नाही. वस्तुतः महागाईचा सर्वांत काटेकोर अभ्यास तिचाच असतो. पाच माणसांच्या ताटात रविवारी काहीतरी पडले पाहिजे, वाण्याच्या वहीवरची उधारी वाढता कामा नये आणि मुंबईहून येणारे पैसे महिनाअखेरपर्यंत पुरले पाहिजेत, असे तीन अटींचे गणित ती दर आठवड्याला सोडवीत असते. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात हेच गणित फळ्यावर मांडले की विद्यार्थ्यांना ते अवघड वाटते.

या बाईला उपदेश करणाऱ्यांची कधीच उणीव नव्हती. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून काटकसरीच्या युक्त्या येतात: मटणाऐवजी कोंबडी घ्या, कोंबडीऐवजी अंडी घ्या, यादी करून बाजारात जा, उपाशीपोटी खरेदी करू नका. यांतील एकही गोष्ट चुकीची नाही. प्रश्न असा आहे की त्या तिला ठाऊक नाहीत असे कोणी ठरवले? मंडणगड तालुक्यातील कष्टकरी घरांत स्वस्त सामिष अन्न निवडण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. आज अडचण विद्येची नाही. ज्या जिनसांवर ती विद्या उभी होती त्या जिनसाच एकामागून एक तिच्या हातातून काढून घेतल्या जात आहेत, आणि तरीही दोष तिच्या नियोजनाला दिला जातो. आजच्या विवेचनाचा मुद्दा एवढाच आहे.

प्रथम खर्चाचे स्वरूप पाहू. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगल याने १८५७ साली दाखवून दिले की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. भारत सरकारच्या २०२३-२४च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि त्यातील सुमारे ४७ टक्के अन्नावर. शहरी भारतात खर्च ६,९९६ रुपये आणि अन्नाचा वाटा सुमारे ४० टक्के. ही सरासरी झाली. सरासरीच्या खाली जी घरे आहेत त्यांचा वाटा याहून मोठा, हे सांगायला एंगलची गरज नाही. त्यामुळे जुलै २०२३मध्ये टोमॅटोसकट भाजीपाला भडकून अन्नधान्याच्या किरकोळ भाववाढीचा दर ११.५ टक्क्यांवर गेला, किंवा ऑक्टोबर २०२४मध्ये तो पुन्हा १०.९ टक्क्यांच्या आसपास पोचला, तेव्हा पगारदार शहरी घराला जो ओरखडा बसला तो मोलमजुरीच्या घराला खोल घाव होता.

या पाहणीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात मांस, मासळी आणि अंडी मिळून वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. उलट तयार खाद्यपदार्थ आणि पेये यांचा वाटा साडेनऊ टक्क्यांहून अधिक, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, दहा रुपयांचे फरसाण, वेफर्स, बाटलीतले गोड पाणी यांवर गरिबाच्या घरातून जाणारा पैसा मटण-मासळीवर जाणाऱ्या पैशापेक्षा जास्त आहे. पुड्याची किंमत पाच रुपयेच राहते, आतले वजन मात्र दर वर्षा-दोन वर्षांनी घटते. ही भाववाढ कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मटण महाग झाल्याची ओरड होते, कारण मटणाचा भाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असतो.

आता खुद्द सामिष अन्नाच्या हिशेबाकडे वळू. भाव गावोगाव आणि आठवड्या-आठवड्याला बदलतात, म्हणून पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतलेले गोल आकडे समजावेत. बकऱ्याचे मटण ८०० रुपये किलो धरा. त्यात हाड जाऊन उरते त्यातून सुमारे १५० ग्रॅम प्रथिन मिळते. म्हणजे वीस ग्रॅम प्रथिनाला शंभराहून अधिक रुपये पडले. ब्रॉयलर कोंबडी २४० रुपये किलो धरली तर तेच वीस ग्रॅम बत्तीस रुपयांना. अंडे सात रुपयांचे, त्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन. वीस ग्रॅमला तेवीस रुपये. सुका जवळा ४०० रुपये किलो धरा. चाळून, रेती-कचरा काढून किलोमागे साडेपाचशे ग्रॅम प्रथिन हाती लागते, म्हणजे वीस ग्रॅमला पंधरा रुपयांच्या आत. तूरडाळ १६० रुपये किलो असली तर तीही साधारण तेवढीच पडते. आणि कुळीथ १२० रुपये किलो धरला तर अकरा रुपये. किलोच्या भावाने पाहिले तर जवळा कोंबडीपेक्षा महाग दिसतो. अंगी लागणाऱ्या अन्नाच्या भावाने पाहिले तर तो तिच्या निम्म्याहून कमी किमतीचा ठरतो. कोकणातल्या बाईने हे कोष्टक कधी मांडले नाही. पण आठवड्याचे वार तिने याच क्रमाने लावले: कुळथाचे पिठले रोजचे, सुकट आठवड्यातून दोनदा, अंडी मुलांना, कोंबडी पाहुण्याला आणि मटण सणाला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण प्रथिनांचे नाव निघाले की मांसाहाराचे स्तोम माजवण्याची एक फॅशन आहे. थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी अनेक वर्षे आग्रहाने मांडले की भारतीय आहारात प्रथिनांची जी तूट दिसते ती बहुतांशी एकूण अन्नच अपुरे पडल्यामुळे असते. पोटभर डाळ-भात मिळाला तर प्रथिनेही बऱ्याच अंशी भागतात. हे म्हणणे आजही विसरण्याजोगे नाही. पोट रिकामे असताना खाल्लेले महागडे प्रथिन शरीर सरपणासारखे जाळून टाकते. म्हणून तांदूळ आणि तेल यांची पहिली खात्री, नंतर कालवणाचा विचार, हा गृहिणीचा क्रम शास्त्राला धरून आहे. पण सुखात्म्यांचा युक्तिवाद ताटातल्या अंड्याच्या विरोधात वापरणे हा त्यांच्यावर अन्याय होय. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. कलेजीतले लोह शरीर जितक्या सहज शोषते तितके भाजीतले शोषत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के रक्तक्षयी आढळली. पाच वर्षांखालील शंभरातील ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. एवढी आकडेवारी समोर असताना घरातल्या कालवणाचा प्रश्न जिभेच्या चोचल्यांचा आहे असे म्हणणे निर्दयपणाचे आहे.

महागाई वाढली की गरीब काय कापतो? आल्फ्रेड मार्शलने १८९५ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत सर रॉबर्ट गिफेनचे नाव घेऊन एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट नोंदवली. पावाचा भाव चढला की इंग्लंडमधील गरीब मजूर पाव कमी खात नाही, उलट जास्त खातो. कारण पावावर जादा पैसे गेल्याने त्याला मांस परवडेनासे होते आणि ती उणीव तो पुन्हा पावानेच भरून काढतो. पाठ्यपुस्तकात हा अपवाद म्हणून शिकवला जातो. मंडणगडच्या वाडीवस्तीवर तो नियम म्हणून चालतो. तेल चढते, डाळ चढते, त्या महिन्यात कालवण पातळ होते आणि भाताचा वाढपा मोठा होतो. या पातळ कालवणातले चार तुकडे कोणाच्या ताटात पडतात हेही सर्वांना माहीत आहे. आधी कर्त्या पुरुषाच्या, मग मुलांच्या. जेवायला सर्वांत शेवटी बसते तिच्या ताटात रस्सा उरतो. शासकीय पाहणी कुटुंबापाशी थांबते, स्वयंपाकघराच्या आत शिरत नाही, म्हणून हे वाटप कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. रक्तक्षयाच्या आकड्यात ते दिसते.

तालुक्याची भौगोलिक स्थिती या प्रश्नाला आणखी वळण देते. उत्तरेला सावित्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये डोंगर. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे या तालुक्याला शिवून जात नाही. डाळ, तेल, साखर, कांदा, बटाटा, ब्रॉयलर, अंडी हे सगळे घाटावरून किंवा आंबेतचा पूल ओलांडून ट्रकने येते आणि डिझेलचा प्रत्येक रुपया त्यावर चढतो. येथे पिकतो तो भात, थोडी नाचणी-वरी आणि कडधान्य. बाकीचा संसार मुंबईच्या पगारावर, पूर्वी मनिऑर्डरीने आणि आता खात्यावर जमा होणाऱ्या रकमेवर चालतो. अशा मुलखात माणसे टिकली ती कशावर? बऱ्याच अंशी आगोटीवर.

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी, हे येथील श्रोत्यांना सांगणे नको. पण हे व्याख्यान इतरत्रही वाचले जाईल म्हणून थोडा विस्तार. जून-जुलैत समुद्र बंद असतो. जुन्या कोळ्यांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही असा दंडक पाळला होता, पुढे १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली शासनाने पावसाळी बंदी घातली. या दिवसांत भाजी नाही, हातात रोजगार तुटपुंजा, चिखलात लावणीचे कष्ट मात्र वर्षातले सर्वांत जड. तेव्हा मे महिन्यात जवळा, काड्या बोंबील, वाकट्या, खारा बांगडा, ऐपत असेल तर थोडे सोडे असे सगळे कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवून डब्यांत, मडक्यांत भरून ठेवायचे. लावणीहून भिजून आलेल्या माणसाला निखाऱ्यावर भाजलेला बांगडा, भात आणि आमसुलाचे सार मिळाले की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरू शकतो. बाजार तेजीत असताना आधीच केलेली ही खरेदी आहे. शेअरबाजारात असले व्यवहार करणाऱ्याला चतुर म्हणतात. आगोट भरणाऱ्या बाईला फार तर गृहकृत्यदक्ष म्हणतात.

आगोटीची अडचण एकच: तिला मे महिन्यात रोकड लागते. ज्याच्याकडे रोकड आहे तो वर्षाची सुकट हर्णे-बाणकोटच्या भावाने एकदम घेतो. ज्याच्याकडे नाही तो जुलैत वाण्याकडून किंवा डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईकडून शंभर-शंभर ग्रॅम घेतो आणि तीच सुकट बरीच चढ्या दराने खातो. गरिबाला गरीब असण्याचा दंड भरावा लागतो, तो असा. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने या तालुक्यातील घरांची छपरे उडवली तो मुहूर्तही पाहा. नुकसानीच्या पंचनाम्यात घर, नारळ, सुपारी, आंबा यांचे रकाने असतात. भिजलेल्या आगोटीचा रकाना नसतो. (सुक्या मासळीत मीठ फार, रक्तदाबाच्या रोग्याने ती धुऊन, बेताने खावी, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. पण मीठ जास्त म्हणून आगोट सोडा आणि वेफर्स खा, असा सल्ला कोणी देत असेल तर तो डॉक्टर निराळ्या शास्त्रातला असावा.)

आगोटीखेरीज स्वस्त कालवणाचे दुसरेही आधार होते. बकऱ्याचे पाय, मुंडी, वजडी, कलेजी हे भाग मटणाच्या मानाने स्वस्त असत, कारण पैसेवाला ते घेत नसे. खाडीत कालवे, तिसऱ्या, मुळे, कुर्ल्या. पहिल्या पावसात ओढ्यांनी शेतात चढणारे चढणीचे मासे. हंगामात तारली, मांदेली, ओले बोंबील. दारातली गावठी कोंबडी, जिला खाद्य विकत घालावे लागत नाही. मुसलमान वस्तीत, बौद्धवाड्यांत आणि इतरही गरीब घरांत बैलाचे मांस, जे सर्वांत स्वस्त आणि पोटभरीचे होते. या यादीतील बहुतेक जिनसांना बाजारभाव नव्हता किंवा होता तो क्षुल्लक होता. सरकारी हिशेबात त्यांचे मूल्य शून्य, शरीरात मात्र पुरेपूर.

आता ही यादी कोठे गेली ते पाहावे.

तारलीपासून सुरुवात करू. पश्चिम किनाऱ्यावर तारली ही गरिबाची मासळी, तिच्यात तेलही भरपूर. आज तिचा मोठा हिस्सा मासळीचा भुगा आणि तेल काढणाऱ्या कारखान्यांकडे जातो. त्या भुग्याचे खाद्य बनते आणि ते निर्यातीच्या कोळंबीला घातले जाते. गरिबाच्या ताटातली मासळी श्रीमंत देशांतल्या ताटातल्या मासळीला चारली जाते, इतका हा सरळ व्यवहार आहे. त्यात पर्ससीन जाळी आणि प्रखर दिव्यांची मासेमारी. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६च्या अधिसूचनेने पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. कागदावरचे हे निर्बंध समुद्रात कितपत उतरले याचे उत्तर पारंपरिक मच्छीमारांच्या दरवर्षीच्या आंदोलनांतून मिळते. लहान होडीवाला रिकामा परतला की बाजारात मांदेलीचा वाटा लहान होतो. महागाईची मुळे शोधायला नेहमी दिल्लीलाच जावे लागते असे नाही.

खाडीचे तेच. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक सांडपाणी सावित्रीच्या खाडीत सोडले जाते आणि मासे मेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. वाळूसाठी सक्शन पंपांनी खाडीचा तळ उपसला जातो. कालवे आणि तिसऱ्या तळावर जगतात. तळच गेला तर त्या कोठे जगणार? ज्या बाया ओहोटीला पाटी घेऊन खाडीत उतरून घरापुरते कालवण आणि चार पैसे घेऊन येत, त्यांचे उत्पन्न आणि अन्न दोन्ही एकदम बुडाले. कारखान्याच्या ताळेबंदात हा खर्च कोठेही दाखवलेला नसतो. तो मंडणगडच्या चुलीच्या खाती जमा झालेला असतो.

बैलाच्या मांसाची गोष्ट वेगळी आहे. तेथे बाजाराने नव्हे, कायद्याने हात घातला. महाराष्ट्रात १९७६च्या पशुसंरक्षण कायद्याने गोहत्येला बंदी होतीच; शेतीला व प्रजननाला निरुपयोगी झालेल्या बैलाला दाखल्यानिशी मुभा होती. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती २०१५ साली मिळाली आणि त्या वर्षीच्या मार्चपासून बैल-वळूंची कत्तलही गुन्हा ठरली. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परराज्यातून आलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हशीच्या मांसाला कायद्याची आडकाठी नाही, पण रस्त्यावरच्या दहशतीने वाहतूक जोखमीची झाली की भाव जोखमीसह ठरतो. या प्रश्नावर धर्माच्या अंगाने पुष्कळ बोलले गेले आहे. अर्थशास्त्राच्या अंगाने दोनच गोष्टी सांगायच्या. एक, गरीब ग्राहकाचे सर्वांत स्वस्त मांस गेले आणि ती मागणी कोंबडीवर आणि मटणावर येऊन पडली; म्हणजे ज्याने आयुष्यात बैलाचे मांस खाल्ले नाही त्याच्याही रविवारच्या खर्चाला या कायद्याने हात लावला. दोन, म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीतून नवा बैल घेण्यासाठी जी रक्कम उभी राहत असे ती शेतकऱ्याला मिळेनाशी झाली. आता तो बैल एकतर दावणीला पोसायचा, नाहीतर रस्त्यावर सोडायचा. कोकणातला खाचरांचा शेतकरी यांपैकी पहिले करू शकत नाही आणि दुसरे करताना त्याला लाज वाटते.

राहिली ब्रॉयलर कोंबडी. तिने गरिबाला खरोखर आधार दिला, हे नाकारू नये. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा पक्षी तयार होतो, त्यामुळे मटण आणि कोंबडी यांच्या भावात आज जे अंतर दिसते ते टिकून आहे. बकरीचे तसे नाही. तिला कारखान्यात वाढवता येत नाही, वर्षातून एक-दोनदाच वेत, शहरांची मागणी मात्र वाढती. म्हणून मटणाचा भाव उतरेल अशी आशा कोणी धरू नये. परंतु कोंबडीच्या उत्पादनखर्चात दोनतृतीयांशाच्या आसपास खर्च खाद्याचा, आणि खाद्य म्हणजे प्रामुख्याने मका आणि सोयाबीनची पेंड. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले, तेव्हा इथेनॉलचा भार मक्यावर गेला, मका चढला आणि कुक्कुटपालकांनी मक्याच्या आयातीची मागणी सुरू केली. मोटारीच्या टाकीत आणि कोंबडीच्या पोटात आता एकाच मक्यासाठी स्पर्धा आहे. मंडणगडच्या बाजारातली कोंबडी वीस रुपयांनी का चढली याचे कारण दुकानदाराला ठाऊक नसते, आणि ग्राहक त्याच्याशीच भांडते.

अंड्याचा विषय शेवटी घेतला, कारण तेथे शासनाचा हात सर्वांत उघड दिसतो. नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा फळ, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा शासकीय खर्च बंद केला आणि हवे असल्यास लोकसहभागातून द्यावे असे शाळांना सांगितले. आठवड्यातून एक अंडे! तमिळनाडूत २०१०पासून शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडे देण्याची व्यवस्था झाली, ते राज्य काही त्यामुळे दिवाळखोर झाले नाही. रक्तक्षयी मुलांच्या या राज्यात सात रुपयांची ती जिन्नस सरकारला जड झाली. ज्या घरांना वर्गणी देणे शक्य आहे त्या घरांतली मुले बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत नसतात, हे निर्णय घेणाऱ्यांना माहीत नसेल असे मानणे कठीण आहे.

मग करायचे काय? हा प्रश्न १९७२ साली मुंबईत उभा राहिला तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली. पक्ष निराळे, झेंडे निराळे, पण हातात लाटणे एकच. त्या चळवळीचे वर्णन आज लाटणी आणि थाळ्या यांच्या आठवणींपुरते उरले आहे, हे खेदजनक आहे. तिचे खरे बळ वेगळे होते. तेल किती, रवा किती, रॉकेल किती, कोणत्या दुकानात आले आणि कोणत्या दुकानातून गायब झाले, याचा तपशील त्या बायांना मुखोद्गत असे. मंत्र्याला घेराव घालताना त्या महागाई वाईट आहे असे सांगायला जात नसत. अमुक जिन्नस अमुक भावाने अमुक तारखेपर्यंत मिळाली पाहिजे, असे सांगायला जात. मंडणगडच्या कार्यकर्त्याने हा धडा घेतला तर त्याच्या मागणीपत्रात महागाई कमी करा हे वाक्य मुळीच येणार नाही. त्यात येईल: शाळेतले अंडे सरकारी खर्चाने परत सुरू करा. रेशनवर धान्याबरोबर डाळ आणि तेल द्या. २०२०च्या टाळेबंदीत काही महिने डाळ देता आली, तर एरवी का नाही? पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत सावित्रीच्या पाण्याची तपासणी करून तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

जिनसांऐवजी रोख पैसे द्यावेत असे म्हणणारे अर्थतज्ज्ञ पुष्कळ आहेत. २०२४ साली राज्यात स्त्रियांच्या खात्यावर दरमहा १५०० रुपये जमा करण्याची योजना सुरू झाली. त्या पैशाने अनेक घरांत खरेच कालवण शिजले आणि त्याची टवाळी करणे आपल्याला शोभत नाही. पण रोख रक्कम ठरलेली असते आणि भाव धावत असतो. तेल चढले की त्या १५०० रुपयांतले तेल कमी होते. रेशनवरचे पाच किलो धान्य मात्र पाच किलोच राहते. ज्याला बाजारभावावर काडीचेही नियंत्रण नाही त्याला जिन्नस देणे हे अधिक भरवशाचे, एवढे साधे हे गणित आहे.

आणि सगळे सरकारकडेच मागायचे काय? तसे नाही. नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ साली ग्राहक सहकारी संस्था काढली, तिचा पुढे अपना बाजार झाला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दहा-वीस कुटुंबांचे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र घेण्याची आणि आपसांत वाटण्याची रीत बसवली. त्यात दुकान नाही, दुकानाचे भाडे नाही. मंडणगड तालुक्यातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांपैकी अनेकांनी या संस्थांतून सामान भरले आहे. गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांची मुंबईत कार्यालये आहेत, वर्गणी जमते, देवळांचे सभामंडप उभे राहतात. त्याच मंडळांनी एप्रिलच्या पगारातून गावच्या महिला बचत गटाला बिनव्याजी उचल दिली, तर मे महिन्यात वाडीची सगळी आगोट बंदरावरच्या भावाने एकदम घेता येईल. दिवाळीपर्यंत हप्त्याहप्त्याने रक्कम परत. सुकट विकणाऱ्या कोळणींना यातून बाजूला सारण्याचे कारण नाही. खरेदी त्यांच्याकडूनच आणि आगाऊ केली तर दलालाचा फास त्यांच्याही गळ्यातून सुटतो.

यात खाचाखोचा आहेत. सुकट पाणी मारून वजनाला वाढवलेली नाही ना हे ओळखणारा माणूस लागतो, आणि तो बहुधा बाईच असतो, म्हणून खरेदीचा अधिकार गटातल्या अनुभवी स्त्रीकडे हवा, हिशेबनीसाकडे नको. वाळूवर वाळवलेला जवळा आणि ओट्यावर वाळवलेला जवळा यांच्या दरात फरक असतो. सिमेंटचे ओटे आणि जाळीची मंडपी बाणकोट-वेळासच्या किनाऱ्यावर बांधून देणे ग्रामपंचायतीच्या निधीतून होण्यासारखे आहे. हमरस्त्यापासून दूरच्या वाड्यांना माल पोचवण्याचा खर्च सर्वांनी सारखा वाटून घ्यायचा की नाही, हे आधीच ठरवावे लागेल, कारण भांडण तेथेच होणार. तागडी मात्र गटाच्या मालकीची असावी.